सापाच्या पेटीतली ऊब : पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

आम्ही टेक्ससमध्ये, डॅलसजवळ प्लेनोला राहतो आणि २०१८ पासून आमच्याकडे एक बॉल पायथन, म्हणजे छोट्या जातीचा अजगर, आहे. चार फुटांची मादी. घाबरली की डोकं मधोमध लपवून असं घट्ट वेटोळं करते की मुलीने पहिल्याच दिवशी नाव ठेवलं ‘लाडू’. मादी असल्याचं नंतर कळलं, तोवर नाव बदलायला उशीर झाला होता. मंडळाच्या कार्यक्रमात, मुलांच्या वाढदिवसात, पुण्याहून येणाऱ्या फोनवर सगळ्यांचे प्रश्न साधारण तेच असतात, आणि दहातले आठ फिरून फिरून तापमानावरच येतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. आकडे फॅरनहाइटमध्ये आहेत, कारण इथली सगळी उपकरणं तीच भाषा बोलतात. महत्त्वाच्या ठिकाणी सेल्सिअसही दिलं आहे.

साप थंड रक्ताचा ना? मग त्याला ऊब कशाला?

‘थंड रक्ताचा’ या शब्दानेच घोळ केला आहे. सापाचं रक्त थंड नसतं. त्याला स्वतःची उष्णता पुरेशी तयार करता येत नाही, एवढंच. आपण पोळी-भाजी खाऊन अंगात ऊब तयार करतो, साप ती बाहेरून उसनी घेतो. गावाकडे थंडीत सकाळी आठला सरडा कुंपणाच्या दगडावर ऊन खात बसलेला दिसतो आणि मे महिन्याच्या भर दुपारी त्याच दगडावर दिसत नाही. हवी तेव्हा ऊब घ्यायची, पुरे झाली की सावलीत सरकायचं. पचन, प्रतिकारशक्ती, कात टाकणं, सगळं या जा-ये करण्यावर चालतं. पेटीत ठेवलेल्या सापाची ही जा-ये आपण बंद केलेली असते, म्हणून ती पेटीच्या आत परत उभी करून द्यावी लागते.

बरं, मग नेमकं किती तापमान ठेवायचं?

एक आकडा मागू नका. पेटीला दोन टोकं हवीत, एक उबदार आणि एक थंड. बॉल पायथनसाठी उबदार टोकाला, साप जिथे प्रत्यक्ष बसतो त्या जागेचं तापमान ८८ ते ९२ फॅरनहाइट, म्हणजे ३१ ते ३३ सेल्सिअस. थंड टोकाला ७६ ते ८०, म्हणजे २४ ते २७ सेल्सिअस. मधला भाग आपोआप मधला राहतो. कुठे बसायचं हे ठरवणं सापाचं काम, आपण फक्त पर्याय मांडून ठेवायचे.

हा प्राणी मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या पट्ट्यात तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि रात्री बाहेर पडतो. बिळात उकाडा असतो, पण भाजणारं ऊन नसतं. बेनिनमधल्या विदाह गावात याच सापाचं देऊळ आहे, आणि त्यातले अजगर गावात कुणाच्या घरी शिरले तर लोक त्यांना आदराने परत आणून सोडतात. हे ऐकल्यावर माझ्या आईचा लाडूकडे बघण्याचा दृष्टिकोन जरा निवळला.

आता एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. लपायला दोन्ही टोकांना जागा हवी. एकच बीळ ठेवलं आणि ते थंड बाजूला असलं, तर साप थंडीत कुडकुडेल पण उघड्यावर येणार नाही. त्याच्या लेखी आधी लपणं, मग ऊब. आमच्याकडे पहिले दोन महिने हेच झालं होतं. गरम टोक अगदी बरोबर ९० दाखवायचं आणि लाडू तिकडे फिरकायची नाही. शेवटी तिकडे दुसरं, अंगाला चिकटून बसेल असं अरुंद बीळ ठेवलं. त्याच रात्री ती आत.

खोलीचंच तापमान वाढवून ठेवलं तर?

सगळी पेटी एकसारखी ८२ झाली तर सापाला जायला जागा उरत नाही, आणि जुलैत टेक्ससमध्ये तुम्ही एसी बंद ठेवणार आहात का? नाही. उलट एसीचा झोत पेटीवर थेट येत नाही ना, ते बघा. आणि काचेची टाकी खिडकीच्या उन्हात कधीही ठेवू नका. बंद गाडीचं उन्हात जे होतं तेच टाकीचं होतं, आणि तेवढ्याच पटकन.

हीटर कुठला घ्यावा?

टाकी काचेची आहे की पेटी पीव्हीसीची, आणि वर जाळी आहे की बंद झाकण, यावर ते ठरतं.

खाली चिकटवायची हीट मॅट सगळ्यात स्वस्त. ती तळ तापवते, हवा फारशी तापवत नाही. तिने टाकीच्या तळाचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापावा, एका टोकाला. टाकी तिच्यावर सपाट टेकवू नये, खाली जरा हवा खेळायला फट हवी. सगळ्यात मोठी चूक होते ती आतल्या भुश्याच्या थराची. लोक हौसेने चार इंच जाड थर घालतात. वर हात लावला तर कोमट लागतो, म्हणून मॅटचं तापमान वाढवतात. साप मात्र थर उकरून खाली काचेला जाऊन बसतो, आणि तिथे पोट भाजतं. मॅट असेल तर त्या बाजूचा थर पातळच ठेवा.

सिरॅमिक हीट एमिटर म्हणजे उजेड न देणारा बल्ब. तो हवा तापवतो, रात्रीही चालतो. आमच्या चार फुटी पेटीत शंभर वॉटचा आहे. याचं होल्डर चिनी मातीचंच घ्या, प्लॅस्टिकचं वितळतं. आणि पेटीच्या आत लावणार असाल तर त्याला चारी बाजूंनी जाळी हवीच. बॉल पायथन दिसायला आळशी, पण रात्री वर चढतो आणि गरम वस्तूभोवती वेटोळं घालायला त्याला काहीही वाटत नाही.

हॅलोजनचा दिवा दिवसा उत्तम. त्याची उष्णता अंगात खोलवर जाते, उन्हाच्या जवळ जाणारी. पण तो उजेड देतो, त्यामुळे रात्री बंद. पीव्हीसीच्या पेटीत छताला लावायचं सपाट रेडियंट पॅनेलही मिळतं. महाग आहे, पण साप त्याला लटकू शकत नाही हा मोठा फायदा. नव्याने पेटी घेणार असाल तर माझं मत सरळ आहे : पीव्हीसीची घ्या. काच आणि वर जाळीचं झाकण म्हणजे छप्पर उघडं ठेवून शेकोटी पेटवण्यासारखं आहे.

तो गरम होणारा दगड दुकानात स्वस्त मिळतो, तो चालेल?

नाही. एका जागी कमी, एका जागी जास्त तापतो, आणि पोटाखालचं भाजणं सापाला वेळेवर कळतंच असं नाही. चामडं सोलेपर्यंत साप त्यावर पडून राहिल्याची उदाहरणं पशुवैद्य नेहमी बघतात.

थर्मोस्टॅट लागतोच का? मॅट तर चाळीस वॉटचीसुद्धा नाही.

लागतोच. थर्मोस्टॅट म्हणजे ठरवलेल्या तापमानाला हीटर आपोआप आवरणारं उपकरण, ते साप आणायच्या आधी आणा. साध्या छोट्या मॅटलाही मोकळं सोडलं तर ती ४५-५० सेल्सिअसपर्यंत सहज जाते. थर्मोस्टॅटशिवाय प्लगमध्ये घातलेला हीटर हा दोन जणांना धोका असतो, एक साप आणि दुसरं घर.

प्रकार तीन. साधा ऑन-ऑफ मॅट आणि सिरॅमिकला चालतो. पल्सवाला, म्हणजे वीज थोड्या-थोड्या झटक्यांत सोडणारा, त्याच कामाला जास्त अचूक. हॅलोजनला मात्र डिमिंगवालाच, म्हणजे दिवा मंद-प्रखर करणाराच हवा, नाहीतर दिवा दिवसभर लुकलुकतो आणि महिन्याभरात उडतो.

पण थर्मोस्टॅट आंधळा असतो. त्याला फक्त प्रोबच्या, म्हणजे पेटीत सोडलेल्या मोजणाऱ्या तारेच्या, टोकाचं तापमान कळतं, बाकी जगाचं काही घेणंदेणं नसतं. आमच्याकडे घडलेलं सांगतो. रविवारी पेटी साफ केली, प्रोबची तार बाहेर काढून टेबलावर ठेवली, लाडूला परत आत सोडलं, झाकण लावलं. तार टेबलावरच राहिली. एसीत खोलीचं तापमान ७४. थर्मोस्टॅटने प्रामाणिकपणे ठरवलं की पेटी गार पडली आहे, आणि हीटर पूर्ण जोरात चालू ठेवला. आम्ही खाली जेवत होतो. पेटीत वेगळा ठेवलेला दुसरा थर्मामीटर किंचाळला म्हणून मुलगी धावत वर गेली. उबदार टोकाला ११२. लाडू थंड टोकाला पाण्याच्या भांड्यात अंग कोंबून बसली होती. थंड टोक होतं म्हणून वाचली. छोट्या टाकीत असती तर पळायला टोकच उरलं नसतं.

तेव्हापासून प्रोब पेटीच्या भिंतीला केबल टायने कायमचा बांधलेला आहे. आत चिकटपट्टी मात्र वापरू नका, ती सुटते आणि सापाच्या अंगाला चिकटते. ती ओढून काढली तर खवल्यांसकट निघते. हीट मॅट असेल तर प्रोब मॅट आणि काचेच्या मध्ये बसवा आणि आतलं तापमान वेगळ्याने मोजून आकडा जुळवा. आत ठेवलेला प्रोब साप बाजूला ढकलतो, नाहीतर त्यावर पाणी सांडतो.

मोजायचं कशाने? टाकीसोबत गोल काट्याचा थर्मामीटर आला आहे.

तो मुलांना खेळायला द्या. काचेवर वरच्या बाजूला चिकटवलेला काटा वरच्या हवेचं तापमान सांगतो, तेही अंदाजाने. साप राहतो खाली. वायरचा डिजिटल थर्मामीटर घ्या, दोन टोकांना दोन, आणि प्रोब भुश्याच्या पृष्ठभागावर, साप बसतो त्या उंचीला ठेवा. शिवाय एक इन्फ्रारेड गन. स्वयंपाकघरात तव्याचं तापमान बघायला लोक घेतात तीच. ती हवेचं नाही, समोरच्या पृष्ठभागाचं तापमान सांगते, आणि काचेतून रोखली तर काचेचंच सांगते. झाकण उघडून मोजा.

रात्री हीटर बंद करू का? आणि लाल दिवा लावतात ना?

बॉल पायथनचं तापमान रात्री थोडं उतरलं तर चालतं, पण ७५ च्या, म्हणजे २४ सेल्सिअसच्या खाली नको. लाल किंवा निळा दिवा नको. ‘सापाला लाल दिसत नाही’ हे कुणीतरी एकदा म्हटलं आणि दिवेवाल्यांचं भलं झालं. त्याला रात्री अंधार हवा. उजेड न देणारा सिरॅमिक चालू ठेवा.

आमच्या मुलाला कॉर्न स्नेक हवा आहे. त्याला हेच आकडे?

तो इथलाच, अमेरिकेच्या आग्नेय भागातला. त्याला थोडं कमी चालतं : उबदार टोक ८५ ते ८८, थंड टोक ७५ च्या आसपास, रात्री ७० पर्यंत उतरलं तरी हरकत नाही. पहिल्यांदा साप पाळणाऱ्याला मी नेहमी हाच सुचवतो. तो खातो नीट आणि रुसत नाही. लाडू एकदा चार महिने रुसली होती.

हीटर लावल्यापासून कात तुकड्या-तुकड्याने निघते आहे.

पेटी कोरडी पडली आहे. उष्णता आणि दमटपणा यांचं भांडण कायमचं. बॉल पायथनला साधारण ६० ते ७० टक्के आर्द्रता हवी, आणि इथला हिवाळ्यातला हीटर घराचं वाळवंट करतो. जाळीचं झाकण असेल तर दिव्याखालचा भाग सोडून बाकीचा झाका. पाण्याचं भांडं मोठं घ्या. भुसा म्हणून नारळाचा काथ्या सगळ्यात बरा. विटेसारखा दाबलेला मिळतो, कोमट पाण्यात टाकला की बादलीभर फुगतो. घरात पसरलेला तो वास आला की मला रत्नागिरीच्या मामांचं अंगण आठवतं, आणि त्यात अजगर असतो हे मामांना अजून सांगितलेलं नाही. भुसा खालून ओलसर, वरून कोरडा ठेवा. वरून चिकचिकीत ओला आणि त्यात पेटी गार, हे सगळ्यात वाईट. त्यातून पोटाच्या खवल्यांवर फोड येतात.

नीट तापमान आणि नीट दमटपणा असला की कात मोज्यासारखी अखंड निघते, डोळ्यांवरच्या चकत्यांसकट.

त्याला थंडी वाजते आहे की उकडतं आहे, कसं ओळखायचं?

पहिलं निरीक्षण म्हणजे तो बसतो कुठे. दिवसचे दिवस गरम टोक सोडत नसेल तर पेटी एकूण गार आहे. सतत थंड टोकाला किंवा पाण्यात असेल तर बहुतेक जास्त गरम. पाण्यात बसण्याचं कारण पिसवांसारखे बारीक किडेही असू शकतात, म्हणून पाण्यात काळे ठिपके दिसतात का तेही बघा. खाल्लेलं उलटून टाकलं तर आधी थर्मामीटर बघा. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंडापाशी बुडबुडे, उघडं तोंड वर करून बसणं, ही छातीच्या संसर्गाची लक्षणं आहेत आणि गार पेटी हे त्यामागचं नेहमीचं कारण. यावर घरगुती उपाय नाही. सरपटणारे प्राणी बघणारा पशुवैद्य आधीच शोधून ठेवा, कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर साप बघत नाहीत.

खाण्याचा आणि तापमानाचा काय संबंध?

दोन्ही बाजूंनी आहे. उंदीर गिळल्यावर तो पचवायला ऊब लागते, म्हणून त्या दोन दिवसांत सापाला हाताळायचं नाही आणि पेटी गार पडू द्यायची नाही. दुसरी बाजू गमतीची. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणणारे खड्डे असतात. गोठवलेला उंदीर नुसता वितळवून दिला तर तो त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. आम्ही आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवतो, मग बंद पिशवीत घालून गरम पाण्यात सोडतो, अंगाला जिवंत उंदराइतका, साधारण १०० फॅरनहाइट लागेपर्यंत. मायक्रोवेव्ह नाही. त्यात उंदीर आतून शिजतो, कधी फुटतो. आमच्या घरी मायक्रोवेव्हचा प्रश्न वेगळ्या कारणानेही निकालात निघाला. उंदरांसाठी वेगळा छोटा फ्रीझर गॅरेजमध्ये ठेवायचा, ही बायकोची लग्न टिकवण्याची एकमेव अट होती.

वीज गेली तर?

हा प्रश्न मी आधी हसण्यावारी न्यायचो. फेब्रुवारी २०२१ नंतर नाही. टेक्ससभर बर्फ पडला, वीज गेली, आणि १६ तारखेला डॅलसच्या विमानतळावर उणे २ फॅरनहाइट, म्हणजे उणे १९ सेल्सिअस नोंदलं गेलं. आमच्या घरात दुसऱ्या दिवशी सकाळी ४८ होतं. माणसं कोट घालून रजईत, आणि पेटी हळूहळू ६० च्या खाली.

आम्ही केलं ते असं. लाडूला जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलं, ती पिशवी मांस मागवल्यावर येणाऱ्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवली, झाकणाला बोटभर भोकं पाडली. सोबत हात शेकायची रासायनिक पुडकी, मोज्यात गुंडाळून आणि खोक्याच्या भिंतीला, अंगाला नाही. ती पुडकी हवेवर चालतात, त्यामुळे पूर्ण बंद खोक्यात विझतात, आणि उघडी अंगाला लागली तर भाजतात. खोक्यात थर्मामीटरचा प्रोब. मग गॅरेजचं दार सताड उघडून गाडी बाहेर काढली, तिच्या हीटरमध्ये दर काही तासांनी पाऊण तास सगळेच बसलो. मुलीच्या मांडीवर खोकं. तीन दिवस खोक्यात ७० च्या आसपास ठेवता आलं, आणि तिला काही झालं नाही.

त्यातून कळलं ते हे. एक-दोन दिवसांची माफक थंडी निरोगी साप काढतो, पण वीज नसताना त्याला खायला घालायचं नाही, कारण पोटातला उंदीर पचत नाही, सडतो. वीज आल्यावर एकदम तापवायचं नाही, तासातासाने चढवायचं. भलत्या उपायांनी जास्त गरम करून ठेवणं हे थंडीपेक्षा लवकर मारतं. आणि ऊब करायला कोळशाची शेगडी घरात पेटवायची नाही, बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवायची नाही. त्या आठवड्यात टेक्ससमध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसं दगावली.

वीजबिल किती येतं?

शंभर वॉटचा हीटर थर्मोस्टॅटवर दिवसातला निम्मा वेळ चालला तर दिवसाला साधारण सव्वा युनिट. महिन्याला छत्तीस-सदतीस. एसीच्या बिलात ते दिसतही नाही.

मामा, पुण्यात पाळता येईल का असा?

भाच्याचा प्रश्न. भारतातला कुठलाही साप, नाग असो, धामण असो की मांडूळ, पाळणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. सर्पमित्रसुद्धा पकडतो तो सोडण्यासाठी. बॉल पायथनसारख्या परदेशी जातींची सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आणि कागदपत्रं नसलेला प्राणी ‘मित्राकडून स्वस्तात’ घेण्याचा विचारही करू नये. इथे टेक्ससमध्ये बॉल पायथनला परवाना लागत नाही. जाळीदार अजगर किंवा ॲनाकोंडा पाळायचा तर लागतो.

तीन आठवडे भारतात जायचं आहे. सापाचं काय?

मोठा निरोगी बॉल पायथन तीन आठवडे न खाता मजेत राहतो. निघायच्या किमान आठवडाभर आधी शेवटचं खाऊ घाला, म्हणजे पोट रिकामं असेल आणि मध्ये काही बिघडलं तरी उलटी होणार नाही. पाणी बदलायला आणि थर्मामीटर बघायला मात्र रोज कुणीतरी यायला हवं. वायफायवाला थर्मामीटर फोनवर आकडे पाठवतो, पण पुण्यात बसून फोनवर ११२ दिसलं तर तुम्ही काय करणार? प्लग काढायला हात इथेच हवा.

आम्ही पेटीवर कागद चिकटवून जातो. डावीकडे ९०, उजवीकडे ७८, यापेक्षा पाच जास्त दिसलं तर हा प्लग काढ आणि फोन कर. प्लगला लाल दोरा बांधलेला. शेजारच्या मित्राने गेल्या उन्हाळ्यात रोज सकाळी थर्मामीटरचा फोटो पाठवला, चोख. एके दिवशी फोटोत पेटीसमोर जमिनीवर छोटी रांगोळी, फूल आणि दुधाची वाटी. त्याची आई साताऱ्याहून आली होती आणि त्या दिवशी नागपंचमी होती. आकडे मात्र बरोबर होते : ९० आणि ७८. यंदा कागदावर चौथी ओळ वाढवली आहे, ‘दूध पेटीबाहेरच ठेवावे.’